डोकं उंच ठेवून

वजन उतरवायच्या शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यातून घरी सोडताना जी फाइल हातात दिली, तिच्यात आहाराची पानंच पानं होती. आधी नुसतं गाळलेलं पातळ, मग दाट पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. घोट ३० मिलीचा, तोही सावकाश. प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. खाण्याच्या अर्धा तास आधी आणि नंतर पाणी नाही. आहारतज्ज्ञ मुलगी हिरव्या हायलायटरने रेघा मारत होती आणि नवरा गंभीरपणे मान डोलावत होता. झोपेबद्दल त्या अख्ख्या फाइलीत एक ओळ होती. शेवटच्या पानावर, जखमेच्या निगेखाली: 'झोपताना डोके उंच ठेवावे.' पुढे पूर्णविराम.

भेटायला येणारेही खाण्याचंच विचारत. "आता काय, दोन चमचे वरणाचं पाणी?" असं म्हणून हळहळत. खरं सांगायचं तर त्या दिवसांत भूक फारशी छळत नाही. माझी झाली ती स्लीव्ह शस्त्रक्रिया. तिच्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि शंभर-दीडशे मिलीची एक अरुंद नळी मागे ठेवतात. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागातच तयार होत असतं. त्यामुळे खाण्याची आठवण राहते, ओढ ओसरते. छळते ती रात्र. दिवसभर कुणी ना कुणी असतं, फोन असतो, सूप गाळण्याचा सोहळा असतो. रात्री अडीच वाजता आपण आणि आपलं पोट, एवढेच जागे.

डोकं उंच म्हणजे किती, हे नवऱ्याने सिस्टरला विचारलं होतं. तिने तळहात तिरका धरून दाखवला, "तीस ते पंचेचाळीस डिग्री." घरी आल्यावर आम्ही उशा रचल्या. दोन सावरीच्या, एक फोमची, वर दिवाणावरचा लोड. हा मनोरा रात्रीतून कसा घसरतो ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. तो घसरला नाही तरी उपयोग नसतो, कारण उशांनी फक्त मान आणि खांदे वर येतात. माणूस कमरेत न वाकता छातीखाली वाकतो आणि जिथे टाके आहेत तिथेच घडी पडते. उतार कंबरेपासून सुरू व्हायला हवा. एवढं वाक्य त्या फाइलीत घातलं असतं तर शाई किती लागली असती?

स्टेशनजवळच्या सर्जिकलच्या दुकानात विचारल्यावर त्याने लगेच तीन पर्याय समोर ठेवले: फाउलर बेड, म्हणजे डोक्याकडून वर उचलता येणारी खाट, भाड्याने, फोमची तिरकी पाचर, नाहीतर बॅकरेस्ट. आम्ही डोंबिवलीच्या दोन खोल्यांत राहणारी माणसं. फाउलर बेड आणायचा तर कुणाला तरी जिन्यात झोपावं लागलं असतं. बॅकरेस्ट आणली. लोखंडी नळ्यांची चौकट, तिच्यावर आडवी-उभी विणलेली नायलॉनची पट्टी, मागे एक टेकू आणि टेकू अडकवायला खाचा. गादीवर ठेवायची, वर चादर दुमडून टाकायची, खाच बदलली की उतार बदलतो. चौकटीचा खालचा दांडा नेमका माकडहाडाला लागतो, म्हणून तिथे सासूबाईंनी जुन्या नऊवारीच्या घड्या घालून शिवलेली चौघडी सारली. पहिल्या रात्री मी दुसऱ्या खाचेवर झोपले. झोपले म्हणजे टेकले.

फाउलर हे कंपनीचं नाव असेल असं मला वाटायचं. तो न्यू यॉर्कचा सर्जन होता, जॉर्ज रायर्सन फाउलर. १९०० साली त्याने लिहून ठेवलं की पोटात पू पसरलेल्या रुग्णाचं डोकं आणि धड उंच ठेवावं, म्हणजे घाण वर छातीकडच्या पडद्याला न चिकटता खाली ओटीपोटात उतरते. प्रतिजैविकं यायला अजून चार दशकं होती. हाताशी होतं ते गुरुत्वाकर्षण. आज कारणं वेगळी आहेत. उताणं, सपाट झोपलं की मोठं पोट पडद्याला वर ढकलतं आणि फुप्फुसांचे तळ दबून राहतात. भूल दिल्यानंतर ते आधीच नीट उघडलेले नसतात. शिवाय नळी झालेल्या जठरात दाब जास्त, त्यातलं आम्ल सहज घशाशी येतं. पण उपाय तोच, सव्वाशे वर्षांपूर्वीचा, आणि तो डोंबिवली पूर्वेला भाड्याने मिळतो.

त्यातून खांदा. दुखायला हवं पोट, तर दुखतो उजवा खांदा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. सगळा बाहेर काढला म्हणतात, तरी थोडा उरतो आणि श्वासपटलाच्या, म्हणजे छातीकडच्या त्याच पडद्याच्या, खाली जाऊन बसतो. श्वासपटलाची नस मानेतून निघते, खांद्याच्या नसांची शेजारीण. मेंदूला तक्रार कुठून आली ते नीट कळत नाही आणि तो खांदा दुखतोय असं सांगतो. हे समजावून सांगेपर्यंत सासूबाईंनी ओवा भाजला होता, हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायची तयारी केली होती. "गॅसच ना? मग!" मी सांगितलं, हा आतड्यातला नाही, बाहेरचा आहे, ढेकर देऊन जायचा नाही, रक्तात विरघळेल आणि श्वासावाटे जाईल, चालल्याने लवकर जाईल. त्यांनी ओव्याची पुरचुंडी माझ्या उशाशी ठेवून दिली ती दिलीच. तिचा वास छान होता, एवढं कबूल.

म्हणून मी रात्री चालायचे. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघराचा ओटा, परत. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनही चालणं हवंच असतं. त्यासाठीच पोटात टोचायची इंजेक्शनं घरी चालू होती आणि ती देताना नवऱ्याचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. फ्रिजवर त्याने एक कागद चिकटवला होता: ताप, थंडी वाजणं, श्वास लागणं, पोटरी सुजणं, पोटातलं किंवा डाव्या खांद्याचं दुखणं कमी न होता वाढत जाणं, नाडी १२०च्या वर टिकणं. यातलं काहीही झालं तर उशी बदलत बसायचं नाही, फोन करायचा. कोविडमध्ये घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटातून बाहेर आलं. झोपेत माझ्या बोटाला चिमटा लागलेला जाणवायचा. सकाळी विचारलं तर म्हणायचा, "मी? छे."

आमच्या घराला बाईमाणूस अंथरुणाला खिळण्याची एकच रीत माहीत आहे, ती म्हणजे बाळंतपण. त्यामुळे माझी बाळंतीणच करण्यात आली. कानाला रुमाल, पायांत मोजे, पंखा एकवर. पोटाला पट्टा बांधू का, हे सासूबाईंनी इतक्यांदा विचारलं की शेवटी डॉक्टरांनाच विचारून घेतलं. डिंकाचे लाडू, खारीक, अळिवाची खीर, सगळी सामग्री मनात तयार आणि समोर माणूस ३० मिलीवाला. त्यांची केवढी कुचंबणा झाली! पण एक विद्या त्यांचीच कामाला आली. अंथरुणातून उठायचं कसं, हे फिजिओथेरपिस्टने दाखवलं होतं आणि घरी येईपर्यंत मी विसरले होते. त्या म्हणाल्या, "सरळ उठायचं नाही गं, कधीच नाही. आधी कुशीवर वळ. गुडघे जवळ घे. पाय पलंगाखाली सोड. आता कोपर रेट." त्यांच्या आईने त्यांना धाकट्या दिरांच्या वेळी शिकवलं होतं म्हणे. पोटाचे स्नायू न वापरता उठण्याची हीच पद्धत मला दवाखान्यात गुळगुळीत कागदावर चित्रांसकट मिळाली होती. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट आवळायची, हेही त्यांना ठाऊक होतं.

तहानेचं मात्र कुणाला काही ठाऊक नव्हतं. रात्री जाग येते, जीभ टाळूला चिकटलेली असते, आणि आयुष्यभराच्या सवयीने हात तांब्याकडे जातो. गटागटा पिण्याची सोय आता शरीरात उरलेली नसते. एक मोठा घोट गेला की छातीच्या मध्यभागी तो अडकून बसतो आणि पाच मिनिटं माणूस भिंतीकडे बघत राहतो. लेकीने यावर तोडगा काढला. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर प्लास्टिकचं पारदर्शक टोपण येतं ना, रेघा छापलेलं, तशी चार-पाच टोपणं धुऊन, भरून, ताटलीत ओळीने मांडून ती माझ्या उशाशी ठेवायची. जाग आली की एक उचलायचं, ओठ बुडवायचे, परत ठेवायचं. सकाळी ती ताटली बघून किती रिकामी झाली त्याची नोंद करायची. शाळेतल्या प्रयोगवहीत.

आता घोरण्याकडे येते. हा लेख लिहायचा तो त्यासाठीच.

पुरुष घोरतो तेव्हा घरात विनोद होतात. बाई घोरते तेव्हा घरात दार लावून घेतात. मी लग्नाच्या आधीपासून घोरते. आईने कळकळीने सांगितलं होतं, "कुशीवर झोपत जा, सासरी बरं दिसत नाही." सासरी बरं दिसत नव्हतंच. नंतर वजन वाढत गेलं, आवाज वाढत गेला, आणि नवरा हॉलमध्ये झोपायला गेला तो बारा वर्षं तिथेच राहिला. मुक्कामाला मी कुठे जात नसे. माहेरच्या लग्नांना सकाळच्या गाडीने जायचं, रात्रीच्या गाडीने परतायचं. ऑफिसच्या सहलीला "सासूबाईंना बरं नाही". सासूबाईंना त्या काळात इतके आजार मी दिले की त्यांना कळलं असतं तर त्यांनी हिंगाचा लेप मलाच घातला असता.

आणि दिवसा झोप. ती कुठेही यायची. डोंबिवली-सीएसएमटी लोकलच्या लेडीज डब्यात चौथी सीट म्हणजे काय चीज असते ते तिथल्या बायकांना माहीत आहे; माझ्या आकाराच्या बाईला ती मिळत नाही, मिळाली तर बाकीच्या तिघी नजरेने मोजतात. मी दांड्याला धरून उभ्याने झोपायचे. बसायला मिळालं की मुंब्र्याच्या आत डोळे मिटत आणि ठाण्याला माझ्याच आवाजाने जाग येई. दोन कॉलेजच्या मुली तोंडावर ओढणी धरून हसत असायच्या. ऑफिसमध्ये दुपारच्या मीटिंगमध्ये डोकं खाली यायचं. लोक म्हणायचे, जाडी माणसं आळशी असतात. मीही म्हणायचे.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांत एका मुलीने माझ्या गळ्याभोवती टेप धरली. ब्लाउजच्या मापाला गळा मोजतात तसा नव्हे, अगदी स्वरयंत्रावरून. ४० सेंटिमीटरच्या पुढे गेला की एक गुण. घोरता का, एक गुण. दिवसा थकवा, एक. झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय, एक. रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा), वय, प्रत्येकी एक. आणि शेवटचा प्रश्न: पुरुष आहात का? असाल तर एक. स्टॉप-बँग म्हणतात या प्रश्नावलीला, २००८ साली टोरांटोतल्या डॉक्टरांनी ती तयार केली. हा आजार म्हणजे स्लीप ॲप्निया, झोपेत पुन्हा पुन्हा श्वास बंद पडणं. पुरुषांत तो जास्त, म्हणून तो गुण ठीकच आहे. पण मला त्या खुर्चीत बसल्या-बसल्या हसू आलं. श्वास थांबलेला पाहायला शेजारी कुणीतरी झोपलेलं लागतं. माझा साक्षीदार बारा वर्षं हॉलमध्ये. आणि बायका डॉक्टरांकडे जातात तेव्हा "मी घोरते" असं सांगत नाहीत. थकवा येतो, सकाळी डोकं धरतं, झोप लागत नाही, असं सांगतात. लोहाच्या गोळ्या घेऊन परत येतात. मी वर्षानुवर्षं घेतल्या.

मग एका रात्री घरीच नाकाला नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा लावून झोपेची तपासणी झाली. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास बंद पडला, किंवा तेवढा वेळ अडखळून रक्तातला ऑक्सिजन घसरला, की एक घटना धरतात. तासाला पाचापर्यंत ठीक. ३०च्या वर तीव्र. मी तीव्रच्या बरीच पुढे होते. म्हणजे रात्रभर मी झोपत नव्हतेच. दर मिनिट-दीड मिनिटाला गळा बंद, गुदमर, अर्धवट जाग, पुन्हा गळा बंद. सकाळी काही आठवत नाही, म्हणून आठ तास झोपले असं वाटतं.

विम्याच्या माणसाने त्या रिपोर्टची झेरॉक्स मागितली तेव्हा आणखी एक मौज कळली. वजनाच्या शस्त्रक्रियेचा खर्च कधी मान्य करायचा याचे निकष विमा नियामकाने २०१९ मध्ये घालून दिलेत. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त. किंवा किमान ३५ असेल तर सोबत गंभीर आजार हवा, आणि त्या आजारांच्या छोट्या यादीत हृदयविकार आणि आटोक्यात न येणाऱ्या मधुमेहाच्या शेजारी तीव्र स्लीप ॲप्निया स्वच्छ लिहिलेला आहे. ज्या गोष्टीवर घरात, डब्यात, ऑफिसात हसणं झालं, ती सरकारी कागदावर हृदयाच्या पंगतीला बसली होती. मी ते कलम नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.

यंत्र शस्त्रक्रियेच्या आधीच आलं होतं, सीपॅप. ते नाकावाटे दाबाने हवा सोडतं आणि तो दाब गळा मिटू देत नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरने १९८१ मध्ये ही युक्ती जगासमोर मांडली. त्याआधी गंभीर रुग्णांच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट काढत. नवऱ्याला धास्ती वेगळीच. नव्याने स्टेपल मारलेल्या जठरात ही हवा घुसली आणि टाके उसवले तर? हा प्रश्न भाबडा नाही, पूर्वी सर्जनांनाही पडत असे. पण अभ्यासांत सीपॅपमुळे गळती वाढल्याचं दिसलं नाही, आणि आमच्या सर्जनने बजावलं की पहिल्याच रात्रीपासून, दुपारच्या डुलकीलासुद्धा, यंत्र लावायचंच. कारण भूल आणि वेदनाशामकं गळ्याचे स्नायू आणखी सैल पाडतात. सासूबाईंनी प्रेमाने स्वतःच्या डबीतली अर्धी झोपेची गोळी पुढे केली, तेव्हा याच कारणासाठी मी ती परत डबीत टाकायला लावली. त्यांना ते लागलं.

पण त्यांचं उट्टं त्यांनी नकळत काढलं. गावाहून फोन आला तेव्हा त्या सांगत होत्या, "हो, आली घरी. नाकाला नळी आहे. मशीनवर आहे." दुसऱ्या दिवशी दुपारी दोन आतेसासवा, एक चुलत दीर आणि नारळाच्या पाण्याची अर्धा डझन शहाळी दारात. आतेबाईंचे डोळे भरलेले. मी मास्क काढून "या, बसा" म्हटलं तेव्हा त्या दचकून मागे सरकल्या. पुढचा पाऊण तास मी यंत्र बंद-चालू करून, प्रत्येकीच्या तळहातावर हवा सोडून प्रात्यक्षिक दिलं.

तिसऱ्या-चौथ्या रात्रीबद्दल कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन रात्री स्वप्नांची झोप जवळपास पुसली जाते, आणि मग ती थकबाकी वसूल करायला एकदम येते. त्याच झोपेत गळ्याचे स्नायू सगळ्यात सैल असतात, म्हणून श्वासही त्याच रात्रींत जास्त अडखळू शकतो. आपण तर घरी आलेले असतो, बरं वाटत असतं, आणि "आज नको ते मशीन" म्हणायचा मोह नेमका तेव्हाच होतो. माझी स्वप्नं भलतीच भरगच्च होती. मी एका पंगतीत वाढपी होते, हातात जिलब्यांची परात, आणि पंगत कल्याण स्टेशनच्या पुलावर. गर्दीतून वाट काढत मी वाढतेय आणि कुणी "पुरे" म्हणत नाही. जाग आली तेव्हा बॅकरेस्टवरून पार खाली घसरले होते.

दुपारच्या झोपेवरून घरात राडा झाला तो वेगळा. "दुपारी झोपलीस की परत वजन येईल हो," असं जवळपास प्रत्येक पाहुणी म्हणून गेली. शेवटी शेजारचे काका आले, निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांनी मराठी भाषांतराची चरकसंहिताच आणली. सूत्रस्थान, एकविसावा अध्याय. अष्टौनिंदितीय त्याचं नाव, निंदेला पात्र ठरलेल्या आठ देहांचा: फार उंच, फार ठेंगणा, फार केसाळ, बिनकेसांचा, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ, फार रोड. यातल्या शेवटच्या दोघांवरच पुढे विस्तार आहे, आणि मग, त्याच अध्यायात, झोपेवर. सुख-दुःख, पुष्टी-कृशता, बळ-दुर्बळपण झोपेच्या हाती आहे, असं तिथे म्हटलंय. वजन आणि झोप या दोन गोष्टी एकाच अध्यायात बांधणारा माणूस मला एकदम जवळचा वाटला.

पण उपाय? लठ्ठपणा घालवायचा असेल त्याने जागरण, व्यायाम आणि चिंता क्रमाक्रमाने वाढवाव्यात. चिंतेच्या बाबतीत मी हा उपचार न सांगता चालवला होता. जागरणाचं मात्र पटत नाही. झोप तुटली की भुकेचं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन उतरतं, हे काही अभ्यासांत मोजून पाहिलेलं आहे. जागरण केलेल्या रात्रीनंतर वडापावच्या गाडीसमोरून सरळ चालत जाऊन दाखवावं कुणीही. काकांनी चष्मा सावरून पुढचा श्लोक वाचला: मेद वाढलेल्यांनी दिवसा कधीच झोपू नये. पाहुण्या विजयी मुद्रेने माझ्याकडे बघू लागल्या. मी पुस्तक मागून घेतलं. दोन पानं मागे दुसरी यादी होती, दिवसा झोपायला मुभा असलेल्यांची. तिच्यात जखमी आहेत, क्षीण आहेत, श्वासाचे रोगी आहेत, आणि वाहनाच्या प्रवासाने थकलेलेही आहेत. मी चारही खणांत बसत होते. डोंबिवली लोकल हे वाहन नाही असं कुणी म्हणावं!

"मग आता तू लठ्ठांत की जखमींत?" काकांनी विचारलं. त्यांना हा प्रश्न फारच आवडला होता. निकाल त्यांनीच दिला. त्याच ठिकाणी आणखी एक वचन आहे: रात्रीचं जागरण रूक्ष, दिवसाची झोप स्निग्ध, पण बसल्या-बसल्या घेतलेली डुलकी ना रूक्षता आणते, ना कफ वाढवते. "म्हणजे तुझ्या त्या लोखंडी चौकटीवर टेकून झोपलीस तर चरकाची हरकत नाही." सासूबाईंना हा निकाल मान्य झाला. माझ्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की दुपारी जरूर झोपा, फक्त तासाभराच्या वर नको, रात्रीची जाते. पण डॉक्टरांना आमच्या हॉलमध्ये एवढं वजन नव्हतं.

बाकीचं भराभर सांगण्यासारखंच. खाचा एकेक उतरत गेल्या. खांदा काही दिवसांत गप्प झाला. डॉक्टरांनी होकार दिल्यावर कुशीवर वळले, शक्यतो डाव्या. जठराची ठेवण अशी की डाव्या कुशीवर आम्ल वर चढायला नाखूश असतं. दोन गुडघ्यांमध्ये उशी, पोटाला टेकू म्हणून एक चपटी उशी. पालथं झोपायला बराच काळ बंदी होती आणि जी गोष्ट मी आयुष्यात कधी केली नव्हती तिचीच इच्छा होऊ लागली. रात्रीचं खाणं झोपेच्या दोनेक तास आधी संपवायचं. आणि थंडी! अंगावरचं पांघरूण कमी झाल्यासारखी थंडी वाजते, मे महिन्यात मी चौघडी घेऊन झोपायचे. वजन उतरेल तसा यंत्राचा दाब बदलावा लागतो. पण आपल्याला बरं वाटतंय म्हणून ते आपणच माळ्यावर टाकायचं नाही. पुन्हा तपासणी करायची, कारण घोरणं थांबलं तरी श्वास अडखळणं थांबलेलं असतंच असं नाही. माझी तपासणी झाली. तीव्रवरून मध्यमवर आलेय. यंत्र अजून आहे. नवरा हॉलमधून परत आलाय आणि आता त्याच्या घोरण्याने मला जाग येते. त्याच्या गळ्याला टेप लावायची आहे, तो हाती लागत नाही.

या डिसेंबरात मामेबहिणीच्या मुलीचं लग्न साताऱ्याला होतं. मुक्कामाला गेले. कार्यालयात बायकांची खोली वरच्या मजल्यावर, भिंतीला भिंत गाद्या, उशा मोजक्या, त्या मिळवायला नेहमीची चढाओढ. मी दाराजवळची जागा धरली, कारण चालू असलेला प्लग तिथे एकच. त्यावर सहा मोबाइल लटकत होते. "मला श्वासाला लागतं," म्हटल्यावर पाच मोबाइल निघाले. सहावा नवरीच्या काकूचा होता, तिच्याशी एक्स्टेन्शन बोर्ड मिळेपर्यंत वाटाघाटी चालल्या. खाली बॅग ठेवून, वर दुमडलेली सतरंजी टाकून मी उतार केला. मास्क लावला. चार-दोन पोरी कोपरावर उठून बघायला लागल्या. एकीने फोटो काढू का विचारलं, मी नाही म्हटलं.

सकाळी सहाला, मेंदीचे हात वर धरून रांगेत उभ्या असताना, मावशींच्या जाऊबाई जवळ आल्या. साठीच्या, सडपातळ, नाकात मोरणी. "झोप लागते का गं त्यात?" म्हणाल्या. लागते म्हटलं. "केवढ्याला पडलं?" सांगितलं. "नाही, आमच्या ह्यांच्यासाठी विचारतेय." मी म्हटलं, जरूर दाखवा त्यांना, आधी तपासणी करून घ्या. त्या बरं म्हणून गेल्या. मी आंघोळ करून आले, साडीच्या निऱ्या घालत होते, तर परत दारात.

"ते नाकाचं... बायकांच्या मापाचं मिळतं ना?"

मिळतं, म्हटलं. वेगवेगळी मापं असतात. आणि सडपातळ माणसांनाही लागू शकतं. त्यांनी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं, दार पुढे ओढलं, आणि गादीवर बसत म्हणाल्या, "लिहून दे मला. मराठीत लिही."